उद्यानाची भिंत आणि माझा नित्य सत्कार

गेल्या महिन्यात एके सकाळी दौंडमध्ये, आमच्या कॉलनीमागच्या उद्यानात मी प्रवेश करताच चार वयोवृद्ध गृहस्थ बाकांवरून उठून उभे राहिले. माझ्या हातात फाईल होती. आयुष्यात प्रथमच माझे योग्य मूल्यमापन झाले, असे वाटले...

पार्श्वभूमी सांगतो. उद्यानाच्या सुधारणेसाठी आम्हा रहिवाशांची एक समिती स्थापन झाली आणि निवृत्त संस्कृत शिक्षक या नात्याने तीत माझी नियुक्ती झाली. संस्कृताचा नि घसरगुंडीचा संबंध काय, हे कोणी विचारले नाही. मीही सांगितले नाही.

तर, चौघे उभे राहिले. मी हात जोडून, यथोचित संकोचाने "बसा, बसा" म्हणालो. ते बसले नाहीत, माझ्याकडे धड पाहिलेही नाही... अहाहा, काय तो विनय! दुर्दैवाने त्याच क्षणी माझ्या पाठीमागच्या रुळांवरून पुण्याची डेमू धडधडत गेली आणि माझे पुढचे दोन शब्द त्या कोलाहलात लुप्त झाले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच. मी येणार, ते उठणार, आणि मी तोंड उघडणार तोच ती डेमू!

घरी हा वृत्तांत निवेदन केला. सौ. कोथिंबीर निवडत होती. "तुमच्यासाठी? अहो, तुम्ही आलात की आपलं मांजरसुद्धा उठत नाही."

मी दुर्लक्ष केले. मात्र पुढच्या बैठकीत एक प्रस्ताव मांडला... ध्वनी आणि धूलि यांच्या निवारणार्थ रुळांच्या बाजूचे बुटके कुंपण काढून तेथे पुरुषभर उंचीची भिंत बांधावी, आणि कुंपणासमोरची ती दोन बाके आत गुलमोहराखाली हलवावीत. प्रस्ताव एकमताने संमत झाला. सोमवारी गवंडी येणार, हेही ठरले.

परवा गुरुवारी मी नेहमीपेक्षा दहा मिनिटे आधी पोहोचलो. फाटक कुंपणालगतच असल्याने चौघे अगदी समोर होते... पण कोणीही उठले नाही. एकाने तर जांभई दिली.

मी व्यथित झालो. लोकप्रियता क्षणभंगुर असते हे वर्गात अनेकदा शिकवले होते, परंतु इतकी? कारणमीमांसा करावी म्हणून त्यांच्याच बाकाच्या टोकाला जाऊन बसलो. शेजारी आप्पा होते. रेल्वेत गार्ड म्हणून आयुष्य काढलेले, पांढरी टोपी, गुडघ्याला पट्टा.

इतक्यात डेमू आली, आणि चौघे उठले.

माझ्याकडे त्यांची पाठ होती. गुडघा चोळत आप्पाही उठले होते. चौघांच्या नजरा डब्यांच्या खाली, चाकांवरून सरकत होत्या. शेवटच्या डब्यातल्या गार्डने हात बाहेर काढला, आप्पांनी हात वर केला... मग सगळे बसले.

मी शक्य तितक्या सहज स्वरात विचारले, की हे काय?

"गाडी चालली की उभं राहून बघायचं असतंय, गुरुजी. काय लोंबतंय का, धूर निघतोय का, चाक तापलंय का. गाडीतल्याला आतनं दिसत न्हाई."

"पण आपण तर रिटायर झालात..."

"आम्ही झालो. गाडी कुठं झाली?"

पलीकडचे मामा पूर्वी पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारे, होते. ते म्हणाले, "आन् तुम्ही रोज मधीच येऊन बसा, बसा का म्हंता ओ? आम्ही म्हणायचो, मास्तर शिकल्यालं हाय, पर गाडीचं काय कळंना त्याला!"

मी मूळचा शिरूर तालुक्यातल्या मांडवगण फराट्याचा. आमच्याकडे रूळ नाहीत, एवढेच काय ते माझ्या बाजूने म्हणता येईल.

आप्पा कुंपणाकडे पाहत म्हणाले, "सोमवारपासनं भिंत व्हणार म्हंत्यात. कुणाच्या डोक्यातनं निघालं कुणास ठाऊक."

क्षणभर समितीच्या सामूहिक उत्तरदायित्वाचा आश्रय घ्यावासा वाटला. मग म्हणालो, "माझ्या."

आप्पांनी टोपी काढून पुन्हा घातली. "...बरं हाय की. धूळ लई येती हितं. गुलमोहराला सावली बी चांगली हाय."

ते रागावले असते तर मी वाद घातला असता. सावलीची स्तुती मात्र सहन झाली नाही.

त्याच संध्याकाळी समितीची तातडीची बैठक बोलावली आणि माझ्याच प्रस्तावाचे मी साधार खंडन केले. अध्यक्ष हतबुद्ध झाले. "गुरुजी, सूचकही तुम्हीच आणि विरोधकही तुम्हीच? मग आम्ही कशाला आलोय?" शेवटी त्या चौघांचे उठणे मी कोणाचे स्वागत समजत होतो, हे इतिवृत्तात नोंदवले जाणार नाही या अटीवर सविस्तर सांगितले. सभासद इतके हसले, की ठराव रद्द करण्यासाठी मतदान घ्यावेच लागले नाही.

भिंत आता फक्त मुलांच्या घसरगुंडीच्या बाजूला होईल. बाकांसमोर तेच बुटके कुंपण राहील, बाके जागची हलणार नाहीत. उरली धूळ... ती आप्पा पूर्वीपासून खात आहेत, आता मीही खाईन.

आज सकाळी डेमू आली तेव्हा मी त्यांच्या रांगेत पाचवा उभा होतो. चाकांतले मला शून्य कळते, तरी शेवटच्या डब्यापर्यंत एकाग्र चित्ताने पाहिले.

"काय दिसलं का, गुरुजी?" आप्पांनी विचारले.

"नाही. सर्व क्षेम आहे."

"मग बसा."

बसलो... इतक्या सन्मानाने मला आजवर कोणीही बसवले नव्हते.