कसं वाटते इथं, अन् काहून?

मामा कोणाच्याही घरी गेले की आधी मीटर पाहत आणि मग माणसं. लग्नाचं घर असो की सुतकाचं, दारात चपला काढता काढता त्यांची मान वर व्हायची, डोळे बारीक व्हायचे, आणि काचेमागची चकती किती वेगानं फिरते आहे हे मनाशी नोंदवून झाल्यावरच ते म्हणायचे, "हं, काय म्हणता?" विजेच्या मीटरचं रीडिंग घेण्याची त्यांची नोकरी होती. तीस वर्षं ती केल्यावर घराची नाडी तिथेच लागते, अशी त्यांची पक्की समजूत झाली होती.

ते माझे नात्यानं मामा नव्हेत. नागपुरातल्या महाल भागातल्या निम्म्या गल्ल्या त्यांना मीटरवाले मामा म्हणत, म्हणून मीही म्हणू लागलो. चार महिन्यांपूर्वी ते गेले. तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं, पण माझा हात सावकाश चालतो, आणि मामांविषयी लिहायचं म्हणजे मधूनमधून हसू येतं. ते या दिवसांत बरं दिसत नाही.

रीडिंग लिहून झालं, घाम पुसून झाला, पाणी पिऊन झालं की मामा त्या घरातल्या माणसाला विचारायचे, "कसं वाटते इथं?" समोरचा म्हणायचा, "चांगलं वाटते." एवढ्यावर मामा हलत नसत. सायकलच्या हँडलला हात लावून ते पुढचा, कारणाचा प्रश्न टाकायचे, "काहून?" त्यांचं म्हणणं असं, "चांगलं वाटते हे मानूस पाहुन्याले चहा देते तसं देते. खरं काय ते काहून म्हटल्यावर निघते."

आणि खरोखरच निघायचं. आमच्याच भागातला एक शिंपी सांगायचा की जागा फार उत्तम, कारण प्रतिस्पर्ध्याचं दुकान अगदी समोर आहे आणि त्याच्याकडेही गिऱ्हाईक नाही हे बसल्या जागी दिसतं. गांधीबागेतला एक कापडाचा व्यापारी आपल्या घरावर इतका खूष होता की मामांनी कारण दोनदा विचारलं. तो म्हणाला, "मी घरी असतो कधी जी?" एका पेन्शनरांना आपली गल्ली आवडायची, कारण सासुरवाडी शहराच्या दुसऱ्या टोकाला होती. मामा ही उत्तरं संध्याकाळी जेवताना रंगवून सांगत. मात्र एक उत्तर सांगताना त्यांचा आवाज उतरायचा. उत्तरेकडच्या एका वस्तीत, दीक्षा घेतलेल्या एका गिरणी कामगाराच्या घरी पहिल्यांदाच वीज आली होती. त्यानं मीटर बैठकीत, समोरच्या भिंतीवर लावून घेतलं होतं. "गावी होतो त विहिरीजवळ जाता येत नव्हतं जी," तो मामांना म्हणाला होता. "इथं माही पोरगी शाळेतून येते अन् पहिले बटन दाबते. कोनाची हायेस म्हणून कोणी विचारत नाही." मामा म्हणत, "बाकी सगळ्यायनं मले कारणं सांगितली गा. यानं काहून ते सांगितलं."

मामांचा स्वतःचा असा एक सिद्धांतही होता. घरात दिवे किती आहेत ते पाहू नये, एका दिव्याखाली किती माणसं बसतात ते पाहावं. माणसं पाच आणि युनिटं थोडी, म्हणजे सगळे एका खोलीत बसून बोलतात, म्हणजे घर सुखी. माणसं तीन आणि चकती गरगर फिरते, म्हणजे ज्यानं त्यानं आपापल्या खोलीत आपापला दिवा लावला आहे. या हिशेबानं मी एकटा, रात्री बारापर्यंत वाचणारा, नागपुरातला सर्वांत दुःखी माणूस ठरायचो. "का विद्वान," ते म्हणायचे, "एका मानसाले एवढा उजेड कायले लागते? दिसून नाही राहिलं का?"

या सिद्धांतानं मला एकदा पुरतं खड्ड्यात घातलं. मी नरखेडकडचा. पासष्टच्या सुमारास एका कॉलेजच्या लायब्ररीत लागलो आणि भाड्याची शांत खोली शोधत होतो. मामा लायब्ररीचं रीडिंग घ्यायला आले, मला पाहिलं, माझा आवाज ऐकला (तो ऐकायला त्यांना पुढे वाकावं लागलं) आणि म्हणाले, "तुह्यासाठी एकच घर हाय. सहा मानसं, अन् महिन्याची युनिटं पाहिली त वाटते देवघरातली समईच जळते. संत लोक हायेत." मी ट्रंक घेऊन राहायला गेलो. दुसऱ्या दिवशी पहाटे पाच वाजता माझ्या उशापलीकडच्या भिंतीतून आवाज आला, "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग, वन टू थ्री." घरमालक लग्नाकार्याला लाऊडस्पीकर भाड्यानं देत असत आणि सामान बाहेर पाठवण्याआधी प्रत्येक कर्णा तपासून पाहत. माणसं सज्जन होती. मला चहा आणून देत, आणि मी काय बोललो ते कोणाला कधी ऐकू येत नसे.

तक्रार करणं माझ्या स्वभावात नाही. मी महिनाभर कानात कापूस घालून वाचलं. महिन्यानं मामा रीडिंगला आले तेव्हा चार कर्णे एकदम वाजत होते. मामांनी सवयीनं मान वर केली. चकती जागची हलत नव्हती. मागच्या भिंतीवरून थेट खांबावर आकडा टाकलेला होता. वीजचोरी पकडल्याचा आनंद मामांना झाला असेल असं कोणाला वाटेल, पण त्यांचा चेहरा लग्न मोडलेल्या वधूपित्यासारखा झाला. मग त्यांनी वहीत काय लिहायचं ते लिहिलं आणि माझी ट्रंक सायकलच्या कॅरिअरला बांधली. "चाल गा," ते म्हणाले. "जिथं मीटरच खोटं बोलून राहिलं, तिथं मानसाचं काय धरतं?"

त्यांनी मला आणलं ते सरळ स्वतःच्या शेजारी. गल्लीच्या अगदी टोकाला, तळमजल्यावर त्यांच्या दोन भाड्याच्या खोल्या होत्या आणि भिंतीला लागून एक तिसरी. ती माझी झाली. मूलबाळ त्यांना नव्हतं. मामी होत्या, बारीक चणीच्या आणि कामात तरबेज. मी किती कमी बोलतो हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं आणि मला न विचारता वाढायला सुरुवात केली.

आपल्या जागेचं कौतुक मामांना रोज नव्यानं सुचायचं. गल्ली इतकी अरुंद की दोन सायकली समोरासमोर आल्या तर एकीनं मागे जायचं. मामा म्हणत, "म्हणूनच इथं ओळखी होतात." नळ गल्लीच्या तोंडाशी, आणि तोही सकाळी तासभर. मामा म्हणत, "पानी भरता भरता बायका बोलून घेतात. घरात नळ आला त बिचाऱ्या बोलतीन कवा?" हे ते बोलत असताना मामी पाण्यानं भरलेला पितळी गुंड या कमरेवरून त्या कमरेवर घेत आत जात असत. आणि ऊन? दोन्ही बाजूंच्या दोन-दोन मजल्यांमुळे खाली ऊन जवळजवळ उतरतच नसे. हा तर त्यांच्या मते जागेचा मुकुटमणी होता. "अख्खं नागपूर मे महिन्यात वाळ्याच्या ताट्या लावून, पानी शिंपून मरते. आपल्याकडे निसर्गानंच सोय केली. मीटरवर पंख्याचा बोजा नाही." मीही मान डोलवायचो. पुस्तकांनाही ऊन सोसत नाही, असं तेव्हा मला वाटायचं.

अशी नऊ-दहा वर्षं गेली. एकदा चैत्रात मला सुट्टी होती. दुपारी दारात वाचत बसलो होतो. मामी ओल्या कुरड्यांची परात घेऊन चार घरं सोडून एका गच्चीकडे निघाल्या. थोड्याच वेळात भरली परात घेऊन परत आल्या. त्या घरच्या सुनेनं सांगितलं होतं की आज गच्ची आम्हालाच लागणार आहे. समोरच्या भिंतीच्या पायथ्याशी हातभर ऊन पडलं होतं. तिथं स्टूल ठेवून त्यावर मामींनी परात ठेवली. ऊन सरकलं तसं स्टूल सरकवलं. तासाभरात ऊन भिंतीवर चढून गेलं. मामी परात घेऊन घरात गेल्या. त्यानंतर मी पुस्तकाचं पान उलटल्याचं मला आठवत नाही.

त्या संध्याकाळी जेवताना मामा नव्या कोणाचं तरी उत्तर सांगत होते. मी मध्येच म्हणालो, "मामा, मामीले विचारलं का कधी?"

मामा खळखळून हसले. "तिले काय विचाराचं? ती त माह्याच घरी राहते!"

"तेच त," मामी म्हणाल्या.

मामी भाकरी थापत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. "साऱ्या नागपुरातल्या बायकायले विचारून झालं. मले नाही विचारलं."

"बरं, सांग मंग," मामा अजून अर्धवट हसत होते. "कसं वाटते वं तुले इथं?"

"नाही आवडत."

"काहून?"

"ऊन नाही."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी ताटाकडे पाहिलं. मामी तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, "पंचवीस वर्सं झाली. लोकाच्या गच्चीवर विचारून विचारून वाळवण टाकते. ओलं लुगडं आज टाकलं त परवा नेसते. बाकी काही म्हणणं नाही. भाजी घेता का अजून?"

त्या दिवसापासून मामा घर शोधू लागले. हजारो घरं आतून पाहिलेला माणूस, पण त्यांना दीड वर्ष लागलं. कारण पाहिलेल्या प्रत्येक जागेत त्यांना दोष सापडायचा आणि तो दोष फिरून फिरून एकच असायचा, की ती जागा महालात नाही. मामी सोबत जायच्या. मामा मीटर पाहायला आत शिरायचे आणि मामी आंगणात उभ्या राहून पदर सारखा करत वर पाहायच्या. "आत त ये वं," मामा ओरडायचे, "मीटर बरोबर हाय." मामी म्हणायच्या, "तुम्ही पाहा मीटर. मले इथलं पाहू द्या." शेवटी शहराच्या दक्षिणेला एका नव्या लेआउटमधलं, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वस्तीतलं, छोटं घर मामींनीच पसंत केलं. रस्ता नाही, पावसात गुडघाभर काळा चिखल, शेजारी हाकेच्या पलीकडे, आणि भोवती सगळं मोकळं आंगण.

मामी तिथं जाऊन अक्षरशः सुटल्या. कुरड्या, सरगुंडे, मुगवड्या, मिरच्या, गाद्या, गोधड्या, जे उन्हात टाकता येतं ते सगळं त्यांनी टाकलं, आणि ज्याला गरज नव्हती तेही टाकलं. एकदा मी भेटायला गेलो तर माझ्या पिशवीतली दोन पुस्तकं काढून त्यांनी बाजेवर पसरली. "वास येऊन राहिला भाऊ त्यायले," म्हणाल्या. येत होता हे खरं.

आणि मामा? निवृत्त झालेले मामा रोज सकाळी सायकल काढून पाच मैल तुडवत महालात यायचे. कधी चष्म्याचा स्क्रू ढिला झालेला असायचा, कधी तंबाखू तीच हवी असायची. माझ्या पायरीवर बसून गल्ली नजरेत भरून घ्यायचे आणि चार वाजता परत जायचे. पण मामींसमोर त्या लेआउटविरुद्ध एक शब्द त्यांनी काढला नाही. "मस्त हाय," म्हणायचे. मी मुद्दाम "काहून?" विचारलं तर रोज वेगळं कारण हजर असायचं. हवा, शांतता, कोंबड्याची बांग. आयुष्यभर दुसऱ्यांची खोटी उत्तरं ऐकली होती, त्यामुळे खोटं कसं सांगायचं हे त्यांना नेमकं माहीत होतं. मामींना सगळं कळायचं. "जाऊ द्या त्यायले," त्या मला म्हणाल्या होत्या. "तिथून जाऊन आले का इथं गोड बोलतात."

चार उन्हाळे मामींना मिळाले. पाचव्याच्या आधी, थंडीत, आठ दिवसांच्या तापानं त्या गेल्या.

मामा आता परत येणार, यात मला शंकाच नव्हती. योग असा की त्यांच्या जुन्या दोन खोल्या त्याच महिन्यात रिकाम्या झाल्या. मी त्या घेऊन ठेवल्या, चुना मारून घेतला, खाट टाकली. तेरावं झाल्यावर मामांना घेऊन आलो. त्यांनी आधी मीटर पाहिलं. मग दोन्ही खोल्यांतून हिंडले, भिंतीवर हात फिरवला, खाटेवर बसले. गल्लीतली माणसं येऊन दारात उभी राहिली. मला वाटलं, झालं, माणूस आपल्या जागी आला.

"नाही गा," मामा म्हणाले. "इथं मले ती पान्याचा गुंड घेऊनच दिसते."

आणि उठून सायकलवर बसून गेले.

त्यानंतर मामा सहा वर्षं त्या लेआउटमध्ये एकटे राहिले आणि सहा वर्षं त्यांनी त्या जागेला मनसोक्त शिव्या दिल्या. आता ऐकून वाईट वाटणारं कोणी घरात नव्हतं. मच्छर, चिखल, म्हशी, कोंबडा (विशेषतः कोंबडा), सगळ्यांचा उद्धार व्हायचा. मी दर वेळी म्हणायचो, "मंग चला नं महालात." ते विषय बदलायचे. मला तो हट्टीपणा वाटायचा. पुस्तकं वाचणाऱ्या माणसाला माणसं उशिरा कळतात.

ते गेले त्या दिवशी आंगणात लेआउटमधली बरीच माणसं जमली होती. ज्यांचे म्हशी-कोंबडे त्यांनी शापले होते तीही. शेजारच्या एक बाई माझ्याजवळ येऊन बसल्या. म्हणाल्या, "पावसाळ्यात आमच्या घरात पानी शिरलं त मामा म्हणे, काहून राहता या भिकार जागेत, चला, मी शहरात चांगली खोली पाहून देतो. मी म्हटलं, मामा, तुम्ही बी चला नं मंग. त म्हणे, मले नाही येता येत बाई. माही बायको इथं खुशीत हाय."