केशरी कोठे शे?

"केशरी कोठे शे रे पोरांनो?"

झेंड्याची दोन टोकं दोन हातांत धरून आमचे पीटीचे सर मैदानावर उभे राहत आणि खणखणीत आवाजात हे विचारत. नाशिकला गंगापूर रोडवरच्या शाळेत उभा जन्म काढूनही नामपूरची अहिराणी त्यांच्या जिभेवरून उतरली नव्हती. पोरं बोटं दाखवून ओरडत, "वर शे, सर!" कधी झेंडा उलटा धरलेला असे. मग "खाली शे, खाली शे!" असा गलका होई. सर तो फिरवून घेत आणि म्हणत, "शाब्बास! लक्ष शे तुमचं."

पोरांची परीक्षा घ्यायची ही त्यांची तऱ्हा, असं सगळी शाळा धरून चालली होती. तुमच्याही शाळेत असे एखादे सर असतीलच.

झेंडा बांधायचं काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत, मुख्याध्यापकांनाही नाही. घडीत झेंडूच्या पाकळ्या भरताना म्हणत, "वर त्याग, खाली शेत. शेत डोक्यावर घेतलं तर उभं कशावर राहायचं?"

एकदा स्वातंत्र्यदिनाच्या आदल्या दुपारी पोरं घरी गेली होती. मी चित्रकला शिकवते. फलक रंगवून हात धुवायला निघाले, तर खेळाच्या खोलीत सर नव्या झेंड्याला इस्त्री करून तो टेबलावर पसरून उभे. मला पाहून हळूच म्हणाले, "मॅडम, केशरी कोठे शे?"

"आता माझीही परीक्षा का, सर?" मी हसले.

ते हसले नाहीत. मी केशरी पट्ट्यावर बोट ठेवलं.

"केशरी आन हिरवा मला सारखेच दिसतात," ते म्हणाले. "सैन्यात भरतीला गेलो होतो. पळण्यात पहिला आलो. मग डॉक्टरनं ठिपक्यांचं पुस्तक पुढं धरलं. सगळ्यांना त्यात आकडा दिसला, मला नुसते ठिपके. वर्दी गेली, हा झेंडा तेवढा हाती राहिला. कुणाला सांगू नका, मॅडम. उलटा लागेल म्हणून हाही काढून घेतील."

"मग कोपऱ्यावर एखादी खूण करून ठेवा ना."

"झेंड्यावर खूण करत नसतात." मग चक्रावरून बोट फिरवत म्हणाले, "हे निळं मात्र लख्ख दिसतं हं."

मला त्या माणसाची फार माया आली. मी कुणाला सांगितलं नाही. पुढे दर वर्षी तो प्रश्न आला की पोरं ओरडेपर्यंत मी जीव मुठीत धरून उभी असे. त्यांच्या हातून झेंडा कधी उलटा लागला नाही.

या उन्हाळ्यात सर गेले. पंधरा ऑगस्टला नव्या सरांनी झेंडा उलगडला, एका नजरेत सरळ केला आणि बांधायला घेतला. पोरं बोटं उगारून तयार होती, पण प्रश्न आलाच नाही. शेवटी पहिल्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "सर, केशरी कोठे शे, ते विचारा ना."

"विचारायचं कशाला? मला दिसतंय की," नवे सर म्हणाले.

"आमच्या सरांनाही दिसायचं," ती म्हणाली. "तरी ते आम्हाला विचारायचे."