देवांबरोबर उजळलेला रुपया

घरात लग्न ठरलं की आमच्याकडे सगळ्यात आधी देव उजळायला जातात. मंडप, आचारी, बँडवाला हे सगळं नंतर. देव म्हणजे चांदीचे टाक, बोटाच्या पेराएवढे पत्रे, त्यांवर खंडोबा, बिरोबा, भवानी ठसवलेले. आमचे पणजोबा मेंढरांमागं फिरायचे तेव्हापासूनचे. वर्षानुवर्षं हळदीकुंकवानं काळवंडतात आणि बारामतीच्या सोनाराकडून लख्ख होऊन येतात. नव्वदच्या दशकात थोरल्या भावाचं लग्न ठरलं, तेव्हा आईच देव घेऊन गेली. त्या एका फेरीत काय होऊन बसलं, ते मी अजून विसरलेले नाही.

वडिलांना, म्हणजे आमच्या आबांना, जुन्या नाण्यांचं वेड होतं. जळोचीत आमची भाजीची शेती. आबा सकाळी मेथी-कोथिंबीर घेऊन बारामतीच्या मंडईत जायचे आणि येताना कधी भोकाचा पैसा, कधी कुठल्या तरी संस्थानाचं तांब्याचं नाणं खिशात घालून यायचे. धाकटे चुलते शेजारच्याच घरात राहायचे. ते रोज ओट्यावरून विचारायचे, "दादा, आज कुठल्या राजाला घरी आणलंस?" सगळी भावकी खो खो हसायची. त्यात आईही हसायची, आणि मला तिचाच जास्त राग यायचा. चुलत्यांचं एक वेळ समजू शकते, पण हिनं का हसावं? "ह्यांचं भंगार" हा तिचा ठरलेला शब्द होता.

त्या भंगारात एक रुपया मात्र खास होता. राजाचं डोकं असलेला, चांदीचा, काळपट. लोणी भापकरच्या एका म्हातारीनं तो आबांना राजीखुशीनं दिला होता. त्या सालचे रुपये टाकसाळीतून फार थोडे बाहेर पडले, असं आबांनी कुठंतरी वाचलं होतं. कुणालाच ते पटत नव्हतं. मग त्यांनी इंदापूरच्या एका निवृत्त गुरुजींना गाठलं. ते नाण्यांतले जाणकार. रविवारी येऊन बघतो म्हणाले. आबांना रुपया विकायचा नव्हताच. "एकदा शान्या मानसानं म्हनू दे, पोरी, का मी येडा न्हाय," एवढंच ते मला म्हणाले होते. त्यांचा जीव त्या एका वाक्यात अडकला होता.

बाकीची नाणी बिस्किटाच्या डब्यात पडलेली असायची. हा रुपया त्यांनी देवांच्या पितळी डबीत, टाकांच्या खाली ठेवला होता. देवाच्या डबीला आमच्यात कुणी हात लावत नाही. पण रोजची पूजा आईच करायची, तिचा हात त्या डबीत रोजच जायचा, हे मात्र त्यांच्या डोक्यात आलं नाही.

त्याच आठवड्यात, आबा मंडईत असताना, आई देव उजळून घेऊन आली होती. रविवारी गुरुजी आले. आबांनी नवी टोपी घातली होती. गुरुजींना खाटेवर बसवलं, देव्हाऱ्यातून डबी आणली, लाल फडकं उलगडलं.

टाक पिवळेधमक. आणि त्यांच्याखाली रुपयाही पिवळाधमक.

आबांनी रुपया उचलून दोन्ही बाजूंनी बघितला. मला वाटलं, कुणीतरी रुपया बदलला. तोवर आई चहाचा ट्रे घेऊन हसत बाहेर आली. "सोनारानं नवं मशीन आनलंय. म्हनला, देवास्नी सोन्याचं पानी चढवू का? म्हनलं चढव. माजी मोडकी मुरनी दिली त्यात घालाया. तुमचा रुपया देवांसंगंच हुता, त्यो एकलाच काळा कशाला ऱ्हावा?"

ज्याला ही जन्मभर भंगार म्हणत आली, त्याच्यावर हिनं स्वतःच्या नाकातलं सोनं चढवलं होतं. ओरडावं की तिच्या गळ्यात पडावं, मला कळेना.

गुरुजींनी खिशातून भिंग काढलं. कडा बघितली, राजाचं तोंड बघितलं, सालाच्या आकड्यांवर बराच वेळ थांबले. आईला धीर निघेना. "आता सोन्याचा झाला, म्हंजी मोल वाढलंच आसंल की?"

"नाही हो, ताई," गुरुजी हळूच म्हणाले. "सोन्याचं पाणी दिलेली नाणी शोभेला बरी. संग्रह करणारा माणूस त्यांना हात लावत नाही. नाणं जसं हातांतून फिरलं तसंच राहावं लागतं, काळं तर काळं. हे आधी तेजाबात घातलंय, मग चाकावर घासलंय. आता त्यात चांदीच तेवढी उरली."

"मग खरवडून काढा की वरचं!"

"वरचं काढताना राजाही जाईल."

आई ट्रे बाजूला ठेवून खाली बसली. तिचा असा चेहरा मी कधीच बघितला नव्हता. आबांनी मात्र तिच्याकडे बघितलंही नाही. घसा खाकरून त्यांनी विचारलं, "पन गुर्जी, आदी? आदी खरा हुता का?"

"होता. अगदी तुम्ही म्हणत होता तोच. मी आयुष्यभर शोधतोय, मला मिळाला नाही."

आबांनी रुपया गुरुजींच्या हातातून घेऊन परत फडक्यात ठेवला. मी वाट बघत होते, आता ट्रे भिरकावतील, आता आईला बोल बोल बोलतील. माझंच डोकं तडकलं होतं. पण आईच उठली. डोक्यावरचा पदर सावरून तरातरा बाहेर गेली आणि ओट्यावर उभी राहून साऱ्या आळीला ऐकू जाईल असं ओरडली, "भावजी, हिकडं या. आत्ताच्या आत्ता!"

चुलते विहिरीवरून चिखलाच्या पायांनी तसेच आले. आईनं त्यांना गुरुजींच्या समोर उभं केलं.

"गुर्जी, मगाशी काय बोलला, ते ह्यास्नी सांगा."

गुरुजी बिचारे गांगरले. पण म्हणाले, "तुमच्या भावानं अस्सल नाणं ओळखलं होतं. भल्याभल्यांना जमलं नसतं."

"ऐकलं?" आईचा आवाज फाटला. "घालवलं ते म्या. माज्या हातानं घालवलं. पन वळखलं हुतं त्यांनी. उद्यापास्नं ह्या ओट्यावर कुनी हसलं तर बगा."

चुलते मान खाली घालून पायांचा चिखल जमिनीवर घासायला लागले. आई चारचौघांत आबांच्या बाजूनं बोलतेय, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

आणि पिवळा रुपया बघून पापणीही न हललेल्या आबांनी डोक्यावरची नवी टोपी काढली, तोंडावर धरली आणि हुंदके देऊन रडायला लागले.