दिव्यांच्या अवसेला बाबांचा शर्ट

बुधवारी पहाटे आमच्या मीरा रोडला उजाडायला लागलं आणि मधेच थांबलं... आभाळ भरलेलं, सूर्य दिसतोय कसला! पण समोरची बिल्डिंग जरा दिसायला लागली होती ती परत अंधारात गेली. कावळे ओरडत होते, ते एकदम गप्प.

सूर्यग्रहण. या वर्षी ग्रहणांचं नुसतं पेव फुटलंय. महिन्याभरात तीन, म्हणून टीव्हीवाले असे काही किंचाळतायत की जणू तिन्ही आमच्याच सोसायटीच्या गच्चीवर पडणार आहेत. मी यातलं काही मानत नाही. पण आईने आदल्या रात्री पाण्यावर आणि दुधावर तुळशीपत्र ठेवलं तेव्हा मी तोंडातून ब्र काढला नाही. कितीतरी दिवसांनी तिने आपणहून काहीतरी केलं होतं.

बाबा होळीनंतर गेले. सकाळी डबा घेऊन कामावर गेले आणि दुपारी तिथूनच फोन आला... दुसऱ्या दिवशी घालायला आईने इस्त्री करून ठेवलेला त्यांचा शर्ट तेव्हापासून बेडरूमच्या दारामागच्या हुकाला तसाच लटकत होता. तपकिरी चौकड्यांचा, फुल बाह्यांचा. बाबा म्हणजे काटकसरीचा कळस, कोपर फाटलं तर नवा घेतील कशाला! आईच्या हिरव्या ब्लाउजपीसचं ठिगळ लावून घेतलं होतं.

त्या शर्टाला आई कुणाला हात लावू देत नव्हती. झोपताना त्याच्याकडे बघून म्हणायची, "लाइट घालवते हं." जेवण म्हणजे दोन घास, जिना उतरून खाली जायचं नावच नाही... मला दिसत होतं, ती बाबांच्याच वाटेने हळूहळू चालली आहे. मी घाबरले होते, आणि कुणाला सांगतही नव्हते.

तर त्या अर्धवट अंधारात खालून आरोळी आली. "दे दाऽऽन, सुटे गिराऽऽण!"

ग्रहणात दान मागत फिरणाऱ्यांची ही हाक मी लहानपणी परळच्या चाळीत ऐकली होती. इथे एवढ्या वर्षांत कधीच नाही. आवाज घोगरा, दमलेला... वळून बघितलं तर आई गादीवर उठून बसली होती, कान देऊन.

ग्रहण सुटल्यावर मी आंघोळीला गेले. बाहेर आले तर हुक रिकामा. आणि दारात आईच्या चपला ओल्या.

"आई, शर्ट कुठंय?"

"गेला," ती म्हणाली. दिव्यांची अवस होती ना, खाली मांडी घालून समया घासायला बसली.

दान दिला असणार, एवढं कळत होतं. पण ज्या शर्टाकडे बघून ती दिवस काढत होती तोच देऊन टाकला, तर आता ती कशासाठी थांबेल? ऑफिसात माझं कामात लक्ष लागेना. दुपारी फोन केला, तिने उचलला नाही. शेजारच्या बेनना केला. त्या म्हणाल्या, "दरवाजा बंद है. अंदर से बर्तन का आवाज आता है, बस."

संध्याकाळी शेअर रिक्षातून उतरले तर आमच्या गल्लीत लाइट गेलेली. अमावस्या, वर ढग... आणि पुढे बाबा चालले होते.

परत वळणाऱ्या रिक्षाच्या उजेडात तपकिरी चौकड्या. कोपराला हिरवं ठिगळ. डोक्याला माहीत होतं हो, सगळं माहीत होतं... पण पायांना कुठे माहीत होतं? ते जागच्या जागी थिजले. तोंडातून "बाबा!" निघून गेलं.

तो माणूस वळला. बाबांपेक्षा काळा, हडकुळा, पिकल्या दाढीचा. माझ्याइतकाच घाबरलेला. "सकाळी मावशीनं दिला बगा, ताई," तो म्हणाला. "म्हनल्या, सांजच्याला ह्योच घालून ये, जेवून जा." मग जरा थांबून, हळू आवाजात, "अन् म्हनल्या, जाताना मागं वळून बघू नको."

खरं सांगते, त्याच्यासोबत तो जिना चढताना मी दोन पायऱ्या मागेच राहिले. घरात घासलेले सगळे दिवे लावलेले. आईने वरण-भात, भाजी, कणकेचे गोड दिवे, सगळं केलेलं. तो खाली मान घालून जेवला. आई समोर बसून त्याला आग्रह करत होती, पण त्याच्या तोंडाकडे तिने एकदाही बघितलं नाही.

तो निघाला तशी ती खिडकीत जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागे. अंधाऱ्या गल्लीतून तो शर्ट चालत गेला... मेडिकलमधल्या इमर्जन्सी लाइटच्या उजेडात, कोपऱ्यापर्यंत. वळला. मागे बघितलं नाही.

"रोज तुझे बाबा तिथे वळेपर्यंत मी बघायचे," आई म्हणाली. "त्या दिवशी गॅसवर दूध उतू जात होतं गं. मी खिडकीत आलेच नाही."

ती रडली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा, अगदी मोठ्याने. मग डोळे पुसले आणि म्हणाली, "चल, वाढ मला. भूक लागलीय."

ग्रहणबिहण मी अजूनही मानत नाही. पण त्या माणसाला मानते. आपल्या अंगात कुणाचा शर्ट आहे हे त्याला कळलं असणारच. पाठीवर दोघींची नजर, सगळीकडे काळोख... कुणालाही वळून बघावंसं वाटलं असतं. त्याने नाही बघितलं. त्याचे हे उपकार मी कसे फेडू, मला माहीत नाही.