पोचा दुकानाकडे करून

वहिनीचा फोन आला तेव्हा मी सीताबर्डीवर एका फ्रेमच्या दुकानासमोर उभी राहून काचेतल्या चित्रांमधल्या स्कूटरी मोजत होते. सात होत्या. सातही माझ्या दादाच्या हातच्या, आणि एकीवरही त्याचं नाव नव्हतं. प्रत्येकीच्या हँडलवरून झेंडूचा जाडजूड हार खाली सोडलेला, हेडलाइटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाशी लिंबू-मिरची. "नंदा, लवकर ये वं... हे गेले," वहिनी म्हणाली. रामदासपेठेतल्या दवाखान्यात मी दुपारी दादाचा डबा घेऊन जाणारच होते. दुकानाचा मालक आत पंख्याखाली बसून चहा पीत होता. रडू फुटायच्या आधी मी त्याच्याकडे नीट पाहून घेतलं. स्मृतिलेखात असं कुणी लिहीत नाही हे मला कळतं, पण झालं ते असंच. त्या माणसाचं नाव मी इथे घालणार नाही. माझ्या भावाच्या आठवणीत नाव छापून यावं, एवढी त्याची लायकी नाही. फ्रेमवाला म्हणते, तेवढं पुरे.

विनायकदादा सरकारी कार्यालयात आरेखक होता. धरणांचे, कालव्यांचे नकाशे काढण्यात त्याची सारी नोकरी सरली. कुठल्याही वस्तूकडे बाण काढून तिचं नाव सुबक अक्षरात लिहायची त्याला सवयच जडली होती. वहिनीच्या फडताळातल्या डब्यांवरसुद्धा बाण होते. निवृत्त झाल्यावर तो जुन्या गाड्यांची चित्रं काढायला लागला. स्कूटरी, जीपा, लग्नाच्या वरातीत भाड्याने यायच्या त्या लांबलचक मोटारी. नटबोल्टसुद्धा जागच्या जागी. ही चित्रं छापून विकू या, हे डोकं माझं. दादा म्हणाला, "चित्र आपलं असलं तरी गाडी कंपनीची आहे ना वं. विचारल्याशिवाय कसं विकायचं?" मी हसले. साऱ्या गावात गाड्यांची चित्रं विकली जातात, कोण विचारतं? पण तो हटेना. मग वर्षभर आम्ही पत्रं लिहिली. तो मजकूर सांगायचा, मी इंग्रजी करायची, आणि सक्करदऱ्याच्या आमच्या घरी पोस्टमन आला की दादा चप्पल न घालताच फाटकापर्यंत जायचा.

पहिलं चित्र त्याने आमच्याच स्कूटरचं काढलं. तिच्या पुढच्या पत्र्याला, हेडलाइटच्या खाली, एक मोठा पोचा आहे. तो माझा. कॉलेजात असताना गाडी शिकताना मी ती फाटकाच्या खांबावर घातली होती. मार मिळेल म्हणून मी रडत उभी, आणि दादा पोच्यावरून हात फिरवत म्हणाला, "रडतेस काहून? आता हजार गाड्यांत ओळखू येईल आपली." त्याने तो कधी ठोकून घेतला नाही. चित्रातही तो पोचा आला, छायेसकट, आणि शेजारी पेन्सिलीचा बारीक बाण : 'पोचा. कर्ती : नंदा.' आम्ही पाठवलेल्या प्रतीवर कंपनीने पोच्याभोवती लाल वर्तुळ मारलं आणि ती दप्तरात ठेवून कळवलं. पोचा काढा, बाण काढा, आमची गाडी अशी नसते. दादाने मुकाट्याने नवी, गुळगुळीत स्कूटर काढली. तिला मंजुरी मिळाली, परवाना आला, आणि प्रत्येक प्रतीच्या तळाशी छापायचा मंजुरी क्रमांक. पोच्याचं चित्र मात्र माझं म्हणून मी मागून घेतलं आणि फ्रेम करायला त्या फ्रेमवाल्याकडे दिलं. पंधरा दिवसांनी तो हळहळत म्हणाला, "काय सांगू ताई, वाळवी लागली. पार भुगा झाला." आम्ही विश्वास ठेवला. दादा तर उलट त्यालाच समजावत बसला.

परवान्यात एक अट होती : चित्रातल्या गाडीवर वरून काहीही चढवायचं नाही. आणि आमच्या माणसांना गाडी म्हटली की दसऱ्याची गाडी डोळ्यांसमोर येते. पहिल्याच प्रदर्शनात एक आजोबा अडून बसले. त्यांना त्यांच्या स्कूटरला हार हवा होता. दादा म्हणाला, "परवान्यात नाही काका." ते भडकले, "परवाना कायले लागते गा? गाडी माही हाये!" असे कितीतरी गेले. दादा मान हलवायचा आणि मंजुरी क्रमांक नीट दिसतोय ना, ते पाहायचा. त्या क्रमांकाचा त्याला भारी अभिमान. पाहुण्यांना आधी तो दाखवायचा, मग चित्र.

मग फ्रेमवाल्याच्या काचेत हार घातलेल्या स्कूटरी दिसायला लागल्या. तळाशी आमचाच क्रमांक, अगदी आमच्याच टायपात. लोक तुटून पडले. मी भांडायला निघाले तर दादाचं ठरलेलं, "जाऊ दे वं." त्या जाऊ दे-चा मला आजही राग येतो. कारण त्यातली एक स्कूटर कंपनीच्या माणसाने पाहिली आणि परवाना रद्द झाल्याचं पत्र आलं. अटींचा भंग, विश्वासघात, असले शब्द होते त्यात. ही चित्रं आम्ही छापलेली नाहीत म्हणून आम्ही दोनदा कळवलं. दोन्ही वेळा एकच उत्तर : पुरावा द्या. दादाने ते पत्र घडी करून खिशात ठेवलं. "त्याईनं मले चोर ठरवलं नंदा," एवढंच बोलला. त्यानंतर त्याने पेन्सिलीला टोक केलं नाही. जेवण तुटलं, जिना चढवेना, आणि मग दवाखाना. डॉक्टरांनी मृत्यूचं कारण त्यांना योग्य वाटलं ते लिहिलं. मला जे वाटतं ते मी इथे लिहिते आहे.

तेरवीला फ्रेमवाला आला. पांढरा सदरा, हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम. मी उठून त्याला बाहेर काढणार होते, वहिनीने माझा हात धरला. "विनायकराव देवमाणूस," तो म्हणाला. "त्याईचीच स्कूटर आणली. हार-बीर काही नाही लावला. दुःखाचं घर, साधंच छापलं." वहिनीने कागद काढला, फ्रेम दादाच्या फोटोशेजारी ठेवली... आणि माझी नजर पुढच्या पत्र्यावर गेली. पोचा. माझा पोचा! छायेसकट. वाळवीने खाल्लेला, कधीच कुठे न छापलेला, कंपनीच्या दप्तरात लाल वर्तुळात बसलेला पोचा. इतके महिने तो झेंडूखाली झाकला होता, आणि हार उतरवून फ्रेमवाला तो स्वतःच्या हाताने माझ्या घरी घेऊन आला होता.

मी त्याला पानावर बसवलं. आग्रह कर-करून वाढलं. वडे, कढी, दोनदा खीर. तो संकोचाने नको नको म्हणत खात होता आणि माझ्या मनात स्वच्छ वैर होतं. हात धुऊन आल्यावर मी पेन पुढे केलं. "भाऊ, दादाची आठवण म्हणून मागे दोन शब्द लिहून द्या ना." त्याने फ्रेम उलटी केली आणि वळणदार अक्षरात लिहिलं, 'आमच्या दुकानात छापलेली सप्रेम भेट.' खाली सही, तारीख, दुकानाचा शिक्का. शिक्का खिशातच होता त्याच्या. निघताना मला म्हणाला, "ताई, तुमचं मन मोठं हाये." मी म्हटलं, "हाव ना."

ती फ्रेम आणि काचेतली एक हारवाली स्कूटर मी कंपनीला पाठवली : दोन्हींच्या मागे एकच चित्र, आणि पोचा त्यांच्याच दप्तरातल्या लाल वर्तुळातला. उत्तर गेल्या महिन्यात आलं. रद्द केल्याचा निर्णय मागे, दिलगिरी, परवाना पुन्हा विनायकदादाच्या नावे. फ्रेमवाल्याला त्यांच्या वकिलाची नोटीस. काचेतल्या सातही स्कूटरी उतरल्या. तिथे आता देवांचे फोटो आहेत. ते पत्र मी दादाच्या फोटोसमोर मोठ्याने वाचलं. वहिनी रडली. मला आनंद झाला, सूड घेतल्याचा निखळ आनंद, आणि तो लपवायचं मला काही कारण दिसत नाही. पण माझं मूळ चित्र फ्रेमवाल्याकडेच होतं.

म्हणून मी रोज अकराला दादाची स्कूटर काढून सीताबर्डीवर जायला लागले. त्याच्या दारासमोर ती स्टँडवर लावायची, पोचा दुकानाकडे करून, आणि सीटवर बसून राहायचं. भांडण नाही, शब्द नाही. गिऱ्हाइकं विचारायची, ही बाई कोण? पहिल्या दिवशी तो बाहेर आला. "ताई, वाळवीनं खाल्लं म्हणून किती वेळा सांगू?" मी म्हटलं, "हाव. मी वाळवीचीच वाट पाहून राहिली." चार दिवस तो आत तोंड लपवून बसला. पाचव्या दिवशी आला, कागदाची गुंडाळी माझ्या मांडीवर टाकली आणि वळूनही न पाहता आत गेला.

घरी येऊन मी ती दादाच्या आरेखनाच्या टेबलावर उलगडली. कोपऱ्यांवर त्याच्याच पट्ट्या आणि शाईची दौत ठेवली. स्कूटर तशीच होती, पोचा तसाच. बाण नव्हता. 'पोचा. कर्ती : नंदा' नव्हतं. रबराने घासून घासून कागद तिथे पांढराफटक आणि पातळ केला होता. छापताना अक्षरं आड आली असणार. वहिनी मागे उभी होती. ती म्हणाली, "चित्र मिळालं ना वं. आता जाऊ दे." मी कागद खिडकीकडे तिरपा धरला. उजेडात पेन्सिलीचा दाब अजून दिसतो... बाण दिसतो, माझं नाव दिसतं, दादाचा हात दिसतो. पण तिरपं धरलं तरच.

त्यामुळे मी अजून जाते. उद्याही अकरा वाजता मी तिथे असेन.