दुष्काळातली पूरबोट

आमचा जिल्हा वेगळा झाला तेव्हा भावाभावांच्या वाटणीत होतं तेच झालं. थोरल्यानं पक्की इमारत, धडक्या जीपगाड्या आणि गादीच्या खुर्च्या ठेवून घेतल्या. आम्हा धाकट्यांकडे डुगडुगती टेबलं आली, दार न लागणारी कपाटं आली आणि एक मोटरबोट आली. पुरात अडकलेली माणसं काढायची बोट. डिझेलचं इंजिन तिच्या पोटातच बसवलेलं, आणि इतकं जुनं की त्यावरची कंपनीची पाटी पुसून पुसून कोरी झालेली. त्या साली आमच्या नव्या जिल्ह्यात नदीच्या पात्रात लोक गुरं बांधत होते.

वाटणीत आलेली वस्तू नाकारायची नसते, एवढं आमच्या साहेबांना कळत होतं. एकदा नाकारली की पुढच्या वेळी कुणी विचारत नाही. पण बोट सोडायची कुठं? शेवटी ती ट्रकवर चढवून नांदेडजवळ विष्णुपुरीच्या धरणात आणली. पाणी शेजारच्या जिल्ह्याचं, बोट आमची आणि तिचा चालक मी.

मी मूळचा विहिरीवरच्या इंजिनांचा माणूस, रेणापूरकडचा. विहिरी आटल्या तशी इंजिनं गप्प बसली आणि त्यांच्याबरोबर मीही. बोटीवर चालकाची जागा निघाली तेव्हा रांगेत उभ्या असलेल्यांत पोहता येणारा मी एकटाच सापडला, म्हणून मला घेतलं. जागा रोजंदारीची होती. साहेब म्हणाले, "वरचे साहेब येऊन चाचणी घेतील. माणसं भरून पलीकडच्या काठाला न थांबता जायचं आणि परत यायचं. बोट पास झाली की तू कायम. खोली मिळेल, नळासकट."

घराण्यातली पहिली सरकारी नोकरी कायम होणार होती. पेन्शन, रजा, पासाचा प्रवास असलं सगळं मी बायकोला घोळून घोळून सांगायला लागलो की ती मध्येच विचारायची, "नळ घरात हाय का भाईर?" तिचा तेव्हा अख्खा दिवस टँकरच्या वाटेकडं बघण्यात जात होता. कमरेवर घागर, डोक्यावर हंडा आणि कान रस्त्याकडं. मला नोकरी पाहिजे होती, तिला नळ पाहिजे होता. खरं सांगायचं तर तिचं मागणं माझ्यापेक्षा रास्त होतं.

बोट पाण्यात पडली त्याच आठवड्यात ती एसटीनं बघायला आली. मी तिला आधी धरणाजवळची वसाहत लांबून दाखवली. तिथं एक बाई अंगणात नळाला पाइप लावून तुळशीला पाणी घालत होती. बायको ते बघून चालायची थांबली. मग मी बोटीचं हँडल मारलं. इंजिन झकास चालू झालं. बोटीच्या कुशीतल्या नळीतून मनगटाएवढी धार बाहेर पडायला लागली. मी ऐटीत सांगितलं, धरणाचं पाणी आत जातं, इंजिनला थंड करतं आणि या तोंडातून बाहेर पडतं. ती त्या धारेकडं बघत राहिली. मला वाटलं, कौतुकानं बघतेय. मी इंजिन बंद केलं आणि टपरीवर चहा सांगायला गेलो.

ती गावी परतली आणि बोट आजारी पडली.

आजार असा होता की काठावरून निघताना बोट तरण्या बैलासारखी निघायची. मध्यावर पोचेपर्यंत दम खायला लागायची. इंजिनचा आवाज जड व्हायचा, धूर काळा पडायचा, झाकणावर हात ठेववत नसे. वेग कमी होत होत शेवटी बोट नुसती हुंकार देत जागीच उभी राहायची. मग थंड होईपर्यंत आम्ही पाण्याच्या मधोमध बसून राहायचो. मासे धरणारी माणसं जवळून जाताना विचारायची, "काय, पूर आला का?"

साहेबांनी निदान तिथल्या तिथं केलं. म्हणाले, थोरल्या जिल्ह्यानं मुद्दाम खराब माल दिला. हे निदान ऑफिसात सगळ्यांना इतकं आवडलं की चार दिवस दुसरं काही करायची गरजच कुणाला वाटली नाही. मग जीपचा ड्रायव्हर आला. त्यानं फिल्टर बदलला, डिझेलच्या नळीतली हवा काढली आणि क्लच बघायला मागितला. मग भोकरहून एक मिस्त्री बोलावला. तो इंजिनभोवती दोनदा फिरला, बोटावर डिझेल घेऊन जिभेला लावलं आणि डोळे मिटले.

"डिझेलात पानी हाय," तो म्हणाला. "इंजिन पानी पिऊन राहिलंय."

आम्ही सगळे टाकीत वाकून बघायला लागलो. त्या साली कशातही पाणी आहे म्हटलं की माणसं वाकून बघायची. टाकी रिकामी केली, धुतली, पुसली, नवं डिझेल भरलं. बोट मध्यावर जाऊन उभी राहिली. मग मिस्त्रीनं नोझल काढून साफ केला. बोट मध्यावर उभी राहिली. पंख्यात शेवाळ अडकलं असेल म्हणून मी बुडी मारून बघून आलो. पंखा लख्ख होता. शेवटी मिस्त्री म्हणाला, "लई म्हातारं हाय, जीवच न्हाई ऱ्हायला," आणि एसटी पकडून निघून गेला. जाताना म्हाताऱ्याच्या अंगावर ओलं पोतं टाकायला सांगितलं. आपण रांजणावर टाकतो तसं पोतं इंजिनवर टाकलं. पोतं वाळलं, बोट उभी राहिली. ऑफिसातल्या मंडळींनी नारळ फोडून बघितला. आमच्या घरानं नारळ-अंगारा आजोबांच्या काळातच सोडलेला, त्यामुळे मी बाजूला उभा राहून नुसतं खोबरं खाल्लं.

एवढ्या जाणत्यांनी झाकण उघडून आत पाहिलं, पण बाहेर कुणी पाहिलं नाही. कुशीतल्या नळीतून धार पडायची बंद झाली होती आणि ते एकाच्याही ध्यानात आलं नाही. येणार तरी कसं? पाणी येत नसलेली नळी आम्हा लोकांना बिघडलेली वाटतच नाही. नळी अशीच असते, असं आम्ही धरून चालतो.

चाचणीच्या आदल्या दिवशी बायको आली ती ट्रंक, अंथरूण आणि रिकाम्या घागरी घेऊनच. चाचणी पास होणार हे तिनं गृहीत धरलं होतं. मी काठावर तोंड पाडून बसलेलो. ती शेजारी बसली आणि विचारलं, काय झालं. मी म्हणालो, सगळं संपलं. इंजिन तापतंय. उद्या साहेबांसमोर मधेच बंद पडणार, मी घरी बसणार, तुझा नळ गेला.

"तापतंय कशापायी?"

"कळत नाही. पाणी पुरत नाही बहुतेक त्याला."

"आसं कसं?" ती म्हणाली. "पानी समदं आतच हाय की. म्या तोंड बुजवून ठिवलंय न्हवं का."

आमच्या गावात टँकरची तोटी कायम गळते. टँकर उभा आहे तोवर थेंब वाया जाऊ नये म्हणून बायका मक्याच्या दाणे काढलेल्या कणसाला चिंधी गुंडाळतात आणि ते तोटीत घट्ट ठोकून बसवतात. या कामात माझ्या बायकोचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. मी चहा सांगायला गेलो तेवढ्या वेळात तिनं तिची विद्या आमच्या बोटीवर वापरली होती. कणीस टपरीशेजारी मिळालं, चिंधी पदराची. इंजिनच्या गरम पाण्यानंही ते बूच हललं नव्हतं. कडेनं जेमतेम थेंब झिरपत होते, त्यावर ते बिचारं इंजिन अर्ध्या धरणापर्यंत जात होतं.

मला भयंकर राग आला. महिनाभराची बुडी, पोतं, मिस्त्रीचं डिझेल चाखणं सगळं डोळ्यांपुढं आलं. मी म्हणालो, "अगं, ते पाणी धरणातलंच असतं आणि धरणातच पडतं."

"टँकरवाला बी आसंच म्हनतो," ती म्हणाली. "सांडलं तर जमिनीतच जातंय म्हनतो."

मी पकडीनं बूच उपटलं, हँडल मारलं. धार सुटली. बायकोनं मान दुसरीकडं वळवली. धार चालू होती तोवर तिनं तिकडं बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी बोट माणसं भरून पलीकडच्या काठाला गेली आणि त्याच दमात परत आली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. वरचे साहेब मात्र कुशीतल्या धारेकडं बघत होते. दुष्काळाच्या बैठकीहून थेट आलेले असावेत.

"एवढं पाणी वाया जातंय," ते म्हणाले. "हे बंद नाही करता येत?"

"येतं साहेब," मी म्हणालो. "महिनाभर केलं होतं."

आमचे साहेब खोकले. वरच्या साहेबांना वाटलं, मी त्यांच्या सूचनेचा आधीच अंमल केलेला आहे. खूश झाले. तिथल्या तिथं म्हणाले, हा माणूस कामाचा आहे, याला कायम करा.

मी कायम झालो. आणि कायम माणसानं मुख्यालयात राहायचं असतं. त्याच्या ताब्यातली सरकारी वस्तूही मुख्यालयातच ठेवायची असते. म्हणून बोट परत ट्रकवर चढली आणि आमच्या कोरड्याठाक जिल्ह्यात, ऑफिसच्या आवारात, लिंबाखाली विटांवर उभी राहिली. रोज सकाळी तिच्यावरची धूळ झटकायची, ही माझी नोकरी. खोली मिळाली, आवारामागच्या वसाहतीत. साहेबांनी शब्द पाळला होता. नळ होता, आणि घरात होता.

बायकोनं खालची फरशी पुसून घेतली, घागर ठेवली आणि नळ सोडला. फुस्स करून वारा आला. तिनं नळ बंद केला आणि पुन्हा सोडला, पुन्हा वाराच आला. मला तिच्याकडं बघवेना. शेजारच्या बाईनं दारातून सांगितलं की हा नळ बसवल्यापासून असाच आहे, टँकर कोपऱ्यावर येतो, आत्ता येईलच.

गावात बायकोची घागर नेहमी पहिल्या चार-पाचांत असायची. पहाटे उठून, भांडून, एकमेकींच्या अडीनडीला धावून तिनं ती जागा मिळवली होती. इथं ती नवी होती. घागर उचलून ती कोपऱ्यावर गेली आणि सगळ्यांच्या मागं जाऊन उभी राहिली.