चांदमारीच्या खड्ड्यातली माणसं

झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. मशीनमधून एकेक पान बाहेर येत होतं. दुकानदार मान वर न करताच म्हणाला, "मॅडम, हे डंभारे काकांचेच कागद ना? ते तर गेले ना सकाळी. तुम्हाले नाई समजलं?" कागद अजून गरम होते. ते तसेच हातात धरून मी त्याला म्हटलं, उरलेली पानंही काढून द्या. असं का म्हटलं, मलाही ठाऊक नाही. ज्यांच्यासाठी ती पानं वाचायची, ते राहिले नव्हते. पण अर्धीच प्रत घेऊन वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेतल्या त्यांच्या घरी जाणं काही जमलं नसतं...

नामदेव डंभारे रेल्वेत गार्ड होते. सारी नोकरी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात, मागे पळत जाणारे रूळ बघत गेली. निवृत्तीनंतर त्यांनी घर बांधलं ते आमच्या मागच्या गल्लीत. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि नुकतीच निवृत्त होऊन घरी बसले होते. एक दिवस ते कापडी पिशवीत कागदांचा गठ्ठा घेऊन आले. "बाई, हे छापील असतं तं मीच वाचलं असतं. हे हातानं लिवलेलं हाय. सायबाचं अक्षर म्हंजे मुंगी शाईत पाय बुडवून चालली वाटते." तेव्हा मी हसले. पुढची सात वर्षं माझ्या डोळ्यांनी त्या हसण्याची भरपाई केली.

ते कागद होते इंग्रजांच्या काळातल्या रेल्वेच्या पलटणीचे. आपल्याकडे फार थोड्यांना हे माहीत असेल की त्या वेळच्या रेल्वे कंपन्या आपल्याच काही नोकरांची एक हौशी फौज ठेवत. आठवडाभर इंजिन हाकणारा ड्रायव्हर, स्टेशनात बसणारा मास्तर, वर्कशॉपमधला फोरमन रविवारी खाकी चढवत आणि खांद्यावर बंदूक घेऊन कवायत करत. हौशी म्हणायची एवढंच, नोकरी हवी तर पलटणीत यावंच लागे. बंडाळी झाली तर पूल आणि ठाणी सांभाळायची, संप झाला तर यार्डात बंदूक घेऊन उभं राहायचं, हे त्यांचं काम. डंभारेंना या पलटणीचा इतिहास लिहायचा होता, आणि त्यामागे कारण एकच होतं. त्यांचे आजोबा, म्हणजे आबा, त्या पलटणीत सिपाई होते.

निदान घरात सगळे तसंच समजत. आबांचा डावा हात कोपरात वाकत नसे. लढाईत गोळी लागली, असं सांगत. केळझरच्या अलीकडे त्यांचं गाव. तिथं या घराला अजूनही सिपायाचं घर म्हणतात. डंभारेंचा धाकटा भाऊ किसन तिथंच वांगी, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर पिकवतो आणि बाजारात ओरडतो, "सिपायाच्या वावरातली वांगी!" त्या एका शब्दावर त्या घराच्या तीन पिढ्या ताठ मानेनं चालल्या होत्या.

डंभारे पास काढून नागपूरला जात, मुंबईला जात, जुन्या दप्तरांत दिवसदिवस बसत आणि पिशवी भरून परत येत. "पेन्शन झाली तरी ह्यांची ड्युटी सुरूच हाय," त्यांच्या पत्नी, आमच्या वहिनी, म्हणायच्या. मी वाचायची, मराठीत सांगायची, ते वहीत लिहून घ्यायचे. सरळ, टपोरं, शाळकरी अक्षर. कंटाळा यायचा. खरं सांगते, फार यायचा. हजेऱ्या, बुटांच्या मागण्या, कोण कवायतीला गैरहजर, कुणाला बक्षीस... पण ते समोर असे बसायचे, जणू पुढच्या ओळीत आबा चालत येणार आहेत.

आबा आलेच नाहीत. हजेरीमागून हजेरी झाली, सगळी नावं साहेबांची, नाहीतर अर्ध्या साहेबांची, म्हणजे अँग्लो-इंडियनांची. एकदा मी हळूच म्हटलं, "भाऊ, यांत आपल्या माणसाला घेतच नव्हते." ते म्हणाले, "पुढं पाहा तुम्ही." मग एका दुपारी चांदमारीचा अहवाल निघाला. चांदमारी म्हणजे नेमबाजीचा सराव. टेकडीच्या पायथ्याशी निशाणं उभी करायची, निशाणांच्या खाली खड्डा, आणि खड्ड्यात आपली माणसं बसवलेली. गोळी कुठं लागली ते त्यांनी झेंडी वर करून साहेबाला दाखवायचं. त्या अहवालात एक ओळ होती. सरावाच्या वेळी खड्ड्यातल्या एका माणसाला डाव्या कोपरात गोळी लागली, जोडीदारानं त्याला उचलून वर आणलं. नाव दोघांचंही नाही. मी वाचता वाचता थांबले. ती ओळ मला गाळता आली असती. तोवर त्यांनी एकदाही माझं वाचन पडताळून पाहिलं नव्हतं.

"थांबल्या काऊन, बाई?"

मी वाचलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "पुन्हा एकडाव वाचा." मी पुन्हा वाचलं. मग ते उठले, चप्पल घातली आणि वही तिथंच टाकून निघून गेले.

अडचण अशी होती की आबांच्या गावात तोवर सारं ठरून गेलं होतं. त्यांच्याच तोंडून ऐकून ग्रामपंचायतीनं चौकाला आबांचं नाव द्यायचं ठरवलं होतं. 'वीर सिपाई' असा फलक रंगवून तयार होता. कार्यक्रमाला ते मला सोबत घेऊन गेले. मंडपात किसनभाऊ नवं धोतर नेसून पुढच्या रांगेत बसले होते. डंभारे बोलायला उभे राहिले आणि त्यांनी जसं होतं तसं सांगून टाकलं. आबा सिपाई नव्हते. बंदूक त्यांच्या हातात कधी आली नाही. ते खड्ड्यात बसायचे, आणि गोळी लढाईत नाही, रविवारच्या सरावात लागली. फलकावरचं कापड कुणी काढलं नाही. खाली उतरल्यावर किसनभाऊ समोर येऊन उभे राहिले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "दादा, साहेबानं आबाले हातात मारलं होतं. तूनं छातीत मारलं."

परतीच्या बसमध्ये सेलू आल्यावर डंभारे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "खोटं बोललो असतो तं बरं झालं असतं का, बाई?"

त्यानंतर सहा वर्षं भावाभावांचं बोलणं बंद. राखी, तेरवी, लग्न, सगळं एकमेकांना चुकवून. मला वाटलं होतं, आता इतिहास बासनात जाईल. पण पंधरा दिवसांनी डंभारे पुन्हा दारात. म्हणाले, "साहेबांची नावं झाली लिहून. आता खड्ड्यातल्या मानसांची काढाची हायेत." खड्ड्यातले, पाणी वाहणारे, बुटांना पॉलिश करणारे, तंबू ठोकणारे. कागदांत ही माणसं नुसती आकड्यानं असायची. म्हणून ते घरोघर फिरू लागले. पुलगाव, हिंगणघाट, बडनेरा... जुन्या खलाशांच्या, गँगमनच्या नातवांना विचारत. लोक चहा पाजत आणि कशाला विचारता म्हणून संशयानं बघत. अकरा नावं मिळाली. आबांना खांद्यावर घेऊन वर आणणारा मात्र मिळाला नाही. त्या माणसानं त्यांना फार दमवलं. शेवटच्या महिन्यात पाय सुजलेले, श्वास अपुरा. दवाखान्यातून घरी आणलं की पहिलं वाक्य, "बाई, तो अहवाल झेरॉक्स करून मोठा करून आणाल का? समासात काही लिवलं असन तं दिसन." तीच पानं मी त्या दिवशी काढत होते. समासात काही नव्हतं.

स्मशानात किसनभाऊ आले होते. लांब, लिंबाच्या झाडाखाली उभे राहिले आणि कुणाशी न बोलता गेले. तेरवी झाल्यावर आठवड्यानं वहिनींचा निरोप आला. गेले तर डंभारेंच्या खोलीत खाटेच्या कडेवर किसनभाऊ बसलेले, टोपी गुडघ्यावर.

"बाई, दादानं आबाबद्दल काय लिवलं ते वाचून दाखवता का?"

मी वही काढली. डंभारेंनी लिहिलं होतं: "माझे आजोबा सिपाई नव्हते. गोळ्या त्यांच्या डोक्यावरून जात. प्रत्येक गोळीनंतर त्यांना झेंडी वर करावी लागे. भीती वाटली तरी खड्डा सोडून जाता येत नसे. हात मोडल्यावरही त्यांनी चाळीस वर्षं वावर केलं. मला त्यांचा पूर्वी होता त्याहून जास्त अभिमान आहे." मग मी अकरा नावं वाचली. किसनभाऊ बोटावर मोजत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "आन् सोमा?"

"कोण सोमा?"

"आबाले खड्ड्यातून ज्यानं काढलं थो. मी लढाईतलाच खड्डा समजो. आबा वावरात जागलीले जाये तं मी त्याच्या संगं निजो. रोज नाव घे त्याचं. दादा तं वर्ध्याले शाळेत होता, त्याले कसं माहीत असन?"

सहा वर्षं जे नाव डंभारेंनी बडनेऱ्यापर्यंत शोधलं, ते बसनं तासाभरावर सख्ख्या भावाजवळ होतं. मी विचारलं, जरा रागानंच, "त्यांनी विचारलं असतं तर सांगितलं असतं तुम्ही?"

किसनभाऊंनी गुडघ्यावरची टोपी उचलली. "आलता थो विचाराले. एकडाव. मी गोठ्यात गेलो, बाहीरच नाई आलो. थो ओट्यावर बसून राह्यला घंटाभर... मंग गेला." त्यांनी टोपीनं तोंड पुसलं. "लिवा तुम्ही. सोमा. पुलगावकडचा होता म्हने. आडनाव आबालेही माहीत नसन."

मी बाराव्या ओळीवर लिहिलं. 'सोमा, पुलगावकडचे.' कुठं लिहिलं ते त्यांनी बोट ठेवून पाहिलं.

आता दर रविवारी सेलूचा बाजार आटोपून ते डंभारेंच्या खोलीत येतात. आबांचं एकेक सांगणं आठवून आणतात, मी लिहिते. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन मी पुन्हा पुढं ढकललं आहे. खरं तर हे सगळं आता पेलवत नाही, पण ते बसस्टँडवरून चालत येतात, त्यांना नाही कसं म्हणू... मागच्या रविवारी बराच वेळ खाटेवर वाकून बसल्यानं त्यांची पाठ भरून आली होती. मी टेबलापुढची खुर्ची सरकवली, म्हटलं, यावर टेका.

"नाई बाई," ते म्हणाले. "थे दादाची जागा हाय. त्याचं काम कुठी संपलं अजून."